काकनाच्या कागदावरचा रंगारी

तो वाचून राहिलता. माझं लिहिलेलं, माझ्या अक्षरातलं, पारावर उभं राहून मोठ्यानं वाचून राहिलता, आन् खाली मातीत काकनवाल्या चाचीचा नवरा पडलेला, तोंडातून रगत, सगळी दाढी लाल, आन् एका जनानं त्याच्या पाठीवर पाय ठिवलेला. माझ्या कडंवर लेकरू. त्याला मी निम्मंच पाजलं व्हतं. वरडा ऐकला तशी उठले आन् पळाले, पदर बी धड घेतला न्हाई, आन् पाराजवळ आले तर पायात काच घुसली. खाली बगते तर सगळी काकनं. चाचीची टोपली पालथी केलती, आन् हिरवी, लाल, पिवळी काकनं मानसांच्या पायतानाखाली कर्रकर्र फुटून राहिलती.

"बाजाराच्या दिशी गावात गडीमानसं नसतेत," तो वाचत व्हता. हिंगोलीला दुकानात कामाला राहून आलेला मानूस. आमच्या गावात मराठी वाचनारे कमीच, हा त्यातला. बोट ठिवून ठिवून वाचायचा. "तवा ये. माडीवरला दिवा इझला की नदीच्या आंगानं ये. एकटा येऊ नको. दोस्ताला घोडं घेऊन वढ्यात उभं कर. कोनी आडवं आलं तरी मागं फिरू नको."

वाचून झालं. मंग एक जन म्हनला, "ऐकलं का? बाजाराच्या दिशी. आपुन गावात नसताना."

"घोडं घेऊन," दुसरा म्हनला.

पाठीवर पाय ठिवलेल्यानं काठीचं टोक मानंत खुपसलं. "कोन येनार हाय? दिवा कोन इझवनार हाय? बोल."

चाचीचा नवरा काय बोलनार, त्याला अक्षर येत नव्हतं. चाची बाजूला गुडघ्यावर, तिचे केस एकाच्या मुठीत, आन् ती एकच म्हनून राहिलती, "कागद है बाबा, निस्ता कागद है, काकन गुंडाळने का."

आन् त्या मानसांत माझ्या लेकराचा बाप व्हता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा, आन् दांड्याच्या टोकाला रगत.

ते सगळं प्रेमाचं व्हतं हो. माझ्या कादंबरीतली पोरगी तिच्या रंगाऱ्याला बलावून राहिलती, दुसरं काहीच नव्हतं त्यात. पन तुमाला ते बराबर कळायचं तर मला मागून सांगावं लागंल. दम लागतो मला सांगताना, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

माझं मायेर पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात. तिकडं विंग्रजाचं राज, पोरींची शाळा व्हती, मास्तरीनबाई व्हती. मी तिसरीपस्तोर शिकले. मंग लगीन झालं आन् नदीच्या अल्याड आले, मोगलाईत, साखऱ्याकडं जाताना लागतं ते गाव. इकडं शाळेत उर्दू, आन् बायांना ते बी न्हाई. निघताना मास्तरीनबाईनं मला एक फाटकी कादंबरी दिलती. पुठ्ठा गेलेला, पयली पानं उंदरानं खाल्लेली. ती मी धान्याच्या कनगीमागं ठिवायचे आन् सासूबाई वावरात गेल्या की काढून वाचायचे. पाठ झालती मला.

एक दिशी वाचता वाचता चुलीवरलं दूध उतू गेलं. सगळं. मालक घरात आले, चूल बगितली, माझ्या हातातलं पुस्तक बगितलं, आन् पुस्तकच घेऊन मारलं. मंग पुस्तक फाटलं म्हनून हातानं मारलं. मी तोंडावर हात धरले तर काकनं फुटली आन् काचा मनगटात गेल्या. तवा लेकरू नव्हतं मला, मीच लेकरू व्हते.

दुसऱ्या दिशी सासूबाईनं मनेरनीला बलावलं. सवाष्नीचं मनगट उघडं बरं दिसत न्हाई, म्हनून. मारलं त्याचं काही न्हाई, उघडं दिसत न्हाई याचंच.

ती मनेरीन म्हंजे चाची. गावाच्या कडंला घर, तिचे सासरे, सासऱ्याचे बाप, सगळे याच गावात काकनं विकत आलेले. गावातल्या सगळ्या बायांचे हात तिच्या मांडीवर आलेले. हात धरल्याबराबर तिला कळायचं, काकन धुन्यानं फुटलं की दाल्ल्याच्या, नवऱ्याच्या, हातानं. इचारायची कवाच न्हाई. तिनं माझ्या मनगटातल्या काचा नखानं काढल्या, गोडं तेल लावलं, आन् म्हनली, "बोल बेटी, कुछ बी बोल. बोलते रहे तो हात ढिल्ला पडता."

हे तिच्या धंद्याचं व्हतं. हात ताठ आसला तर काकन चढत न्हाई, फुटतं. म्हनून ती बायांना बोलायला लावायची, आन् बाई बोलायच्या नादात आसली की चुडा सरकन मनगटावर. मी काय बोलू? घरचं सांगावं तर सासूबाई दारात. मी त्या पुस्तकातली गोष्ट सांगाया लागले. डोळे पुसत सांगितली. गोष्ट संपली आन् काकनं भरून झाली न्हाईत, तर मी तोंडाला यील ते पुढं सांगत गेले. चाचीचा हात थांबला. म्हनली, "फिर?"

चुडा भरून झाला की मनेरनीच्या पाया पडतेत आमच्यात. कोनी आसू द्या ती, चुडा तिच्या हातचा, मंग पाया पडायचं. मी पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठिवला आन् वरचं एक काकन फुकट घातलं, ते ती सगळ्यांनाच घालायची, नवरा जगो म्हनून. मंग कानात म्हनली, "उस पोरी का आगे का सोचके रख."

असं सुरू झालं बगा. चाची ती गोष्ट घरोघर सांगायची, बायांचे हात ढिल्ले पडायचे. पन ती निम्मी इसरायची, पोरीची माय मधीच मारायची आन् पुढच्या घरी जित्ती करायची. बाया भांडायला लागल्या. तवा ती म्हनली, लिखके दे. काकनांचे तोडे हिंगोलीहून यायचे तर ते कागदात गुंडाळलेले, एका आंगानं कोरे. विंग्रजाची लढाई चालू व्हती, कागदाला लई तकलीफ, पन काकनाचा कागद यायचाच. ती तो सुरकुत्या काढून मला आनून द्यायची आन् संग बोटभर पेन्शिल. पुढं लेकरू झालं तवा मी त्याला पाजताना लिहायचे. एक मांडी त्याला, एक मांडी कागदाला, आन् झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. पान झालं की ती काकनं त्यातच गुंडाळायची आन् न्यायची. ज्या घरात नदीपल्याडची वाचनारी सून आसल ती वाचायची, बाकीच्या आयकायच्या, आन् पान परत काकनांवर.

मंग बाया निरोप धाडायला लागल्या.

"पाटलीनबाई बोली," चाची मला सांगायची, माझा हात हातात घेऊन, उगंच काकन सारखं केल्यावानी, "पोरी को उलिसं मोटी कर. सुकी सुकी अच्छी नई लगती."

"बरं."

"आन् कुंभारीन पूछती थी, वो रंगारी हात धरता तो काकन फुटताय क्या?"

"न्हाई चाची. फुटत न्हाई."

"तो वैसा लिख. बाया को वोच होना."

रंगारी म्हंजे माझ्या कादंबरीतला पोरगा. रंगरेजाचा, चाचीच्याच धर्माचा. काहून तसा झाला मला सांगता येत न्हाई. मला हात हळू धरनारं मानूस निस्तं चाचीच ठावं व्हतं, तर तिच्या घरात शोभनाराच पोरगा मनात आला आसल. त्याचे हात कोपरापस्तोर निळे. पोरीला हात लावला तर डाग पडंल म्हनून तो हात मागं घ्यायचा, आन् ती म्हनायची, पडू दे. त्याचा रोजा आसला की ती बी दिवसभर पानी पीत नव्हती, घरात कोनाला न सांगता. बायांना ते लई आवडलं. एक शेजारची नवी सून तर खरंच एक दिस बिनपान्याची राह्यली आन् शेंगा उपटताना वावरात पडली. तिच्या दाल्ल्यानं तिला तिथंच बडवली, नाटकं करती म्हनून. दुसऱ्या दिशी चाची तिची काकनं भरायला गेली, आन् नवं पान घेऊन गेली.

मला कवा कवा वाटायचं, जितकं मार तितकं माझं लिहिनं. बाया मार खायच्या, काकनं फुटायची, चाची यायची, पान यायचं.

मंग ते दिस आले. निजामाच्या बाजूचे खाकीवाले गावोगाव फिरायला लागले, बंदुका घेऊन. ज्वारी न्यायचे, गंज्या पेटवायचे, बाया माळवदावर चढून बसायच्या. औंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडं आले. माझा दीर, मालकाचा धाकला भाऊ, बैलं घेऊन घरी येत व्हता. ते म्हनले बैलं दे. तो कासरा सोडीना. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या पोटात मारलं, पडला तर पडल्यावर मारलं, कासरा हातातून सुटत न्हाई म्हनून बोटांवर मारलं. भायेर रगत नव्हतं. सगळं आत. घरी आनला तर मरायला त्याला लई येळ लागला. मी पान्यात फडकं भिजवून त्याच्या व्हटाला लावायचे, आन् तो एकच इचारायचा, "वैनी, बैलं पानी पेली का?" बैलं तर ते घेऊन गेलते. मी म्हनायचे, "व्हय भाऊजी, पेली." मालक उशाला बसलेले, त्यांनी एकदा बी मान वर केली न्हाई.

चाची आली, दारात बसली. तिच्या घरचं कोनी खाकीत नव्हतं, गावाला ठावं व्हतं. पन सासूबाईनं तिच्या आंगावर राख फेकली. "जा," म्हनल्या. "तुझ्याच मानसांनी खाल्ला माझा पोरगा." चाचीनं राख पुसली बी न्हाई. तशीच उठून गेली. मी उठले न्हाई, माझ्या मांडीवर दिराचं डोकं व्हतं.

त्याच्यामागं कितीक दिस मी लिहिलं न्हाई. पन म्हालक्ष्म्या आल्या, आन् म्हालक्ष्म्यांना हिरवा चुडा पायजे म्हंजे पायजे, मंग चाची परत घरोघर फिरली. सासूबाईनं तोंड फिरवून हात पुढं केला. मला चाची हळूच म्हनली, "बाया पूछते, मर गई क्या वो पोरी? लिख गे. सबके हात लकडी हो गये." म्या लिहिलं. पोरीनं रंगाऱ्याला बलावलं, बाजाराच्या दिशी, नदीच्या आंगानं, घोडं घेऊन ये. तिला पळवून न्यायला. किती बरं वाटलं मला लिहिताना, मीच पळून चालल्यावानी.

चाचीनं ते पान काकनांवर गुंडाळलं. पन तेवढ्यात निजामावर फौज आली. आभाळातून इमानं गेली, खाकीवाले कापडं फेकून पळाले, निजामाचं राज गेलं म्हनले. आन् मंग पितरपाट लागला. पितरपाटात आमच्याकडं कोनी नवं काकन घालत न्हाई. चाची फिरली न्हाई, आन् टोपली तशीच घरात राह्यली, माझं पान तिच्यात.

आन् पितरपाटातच गावातली मानसं उठली. लपून बसलेले परत आले, ज्यांची घरं जळलती ते आले, ज्यांचे भाऊ मेलते ते आले. खाकीवाले तर सापडत नव्हते, मंग जे सापडले त्यांना धरलं. मोमिनांचे माग पेटवले. एका म्हाताऱ्याला हिरीत फेकला. चाचीचं घर त्यांनी पयल्या दिशी सोडलं, का तर सगळ्यांच्या घरात तिच्या हातचा चुडा. दुसऱ्या दिशी कोनीतरी म्हनलं, झडती तर घेऊ. कोन म्हनत व्हतं खाकीवाले डोंगरात दडलेत, परत येनार हायेत, गावातून त्यांना सांगावा जातो. टोपली उलटी केली, आन् काकनाच्या कागदावर मराठीत लिहिलेलं निघालं, नदीच्या आंगानं ये, घोडं घेऊन.

आता पाराजवळ या परत.

मी म्हनले, "ते माझं हाय."

कोनाला ऐकूच गेलं न्हाई. लेकरू रडून राहिलतं. काठी उचललेली व्हती. मी पुढं झाले, काचांवरूनच, आन् वरडले, "ते म्या लिहिलंय."

काठी थांबली. वाचनारा वळला. "काय लिहिलंय?"

"ते. कागदावरचं."

मालक माझ्याकडं बगत व्हते. "घरी जा," म्हनले, हळू. "लेकराला घेऊन घरी जा."

"बाई लिहिती व्हय," एक जन हसला. मंग दुसऱ्याच्या डोक्यात आलं. कागदावर काय हाय ते तर सगळ्यांनी ऐकलंच व्हतं. तो मालकाला म्हनला, "दादा, तुझी बायको दिवा इझवून कोनाला बलावती रे? वढ्यात घोडं कोनाचं उभं व्हतं?"

मालक आले आन् मला मारलं. लेकरू कडंवर आसताना मारलं. कान वाजला, मला काही ऐकू येईना, मी गुडघ्यावर आले पन लेकरू सोडलं न्हाई. चाची वरडली, "मारो नक्को, वो पोरी सच्ची नई है, कहानी है, कहानी." तिचे केस धरलेल्यानं तिच्या तोंडावर पाय मारला. माझ्या समोर. ज्या हातानं काचा काढल्या माझ्या, तो हात तिनं तोंडावर धरला आन् त्याच्यावर बी पाय पडला.

"गोष्ट हाय ती," मी म्हनले. "कादंबरी. तुमच्या घरच्यांना इचारा. सगळ्यांनी ऐकलीय."

मी दारांकडं बगितलं. दारादारात बाया उभ्या व्हत्या. काकनं फुटल्याचा आवाज ऐकून आल्या व्हत्या, एकेकीचा हात सोताच्या मनगटावर. पाटलीनबाई व्हती, कुंभारीन व्हती, ती शेजारची सून व्हती. एक बी बोलली न्हाई. मी त्यांना नावं ठिवत न्हाई. त्यांच्या दाल्ल्यांच्या हातात काठ्या व्हत्या.

"गोष्ट हाय तर सांग पुढची," वाचनारा म्हनला. "म्हंजे कळंल तूच लिहिती का. हा येनारा कोन?"

"रंगारी."

"कोनाचा? काय जात त्याची?"

 चाचीचा नवरा मातीतून वर बगत व्हता, त्याचा एक डोळा मिटलेला. मला कळलं व्हतं, खरं सांगितलं तर तो बी मरंल, ती बी, आन् माझं काय व्हईल ते लेकरू मोठं झाल्यावर लोक त्याला सांगतील.

"आपल्यातला," मी म्हनले.

शेजारची सून दारातून म्हनली, "आवो न्हाई वैनी, तो तर रोजा," आन् तिच्या सासूनं तिच्या तोंडावर हात दाबला, आत वढली, दार लावलं. मी तिकडं बगितलंच न्हाई. 

"आपल्यातला हाय तर चोरून काहून येतो?" वाचनारा म्हनला. मानूस हुशार व्हता.

"त्याचं आन् तिच्या बापाचं भांडन हाय," मी म्हनले. "बांधावरून. बाप त्याला मारनार हाय, म्हनून चोरून."

हे त्यांना पटलं. बांधाचं भांडन सगळ्यांना कळतं. एक जन पाराच्या कडंला टेकला बी. "मंग आला का तो?" म्हनला.

"आला."

"मंग?"

मला मंगचं ठावं नव्हतं. मी त्यांचे डोळे बगितले, काठ्या बगितल्या. तो पळून गेला, सुखानं नांदला, असं म्हनले आस्ते तर त्या काठ्या कुठं गेल्या आसत्या? त्यांना कोनीतरी मरायला पायजे व्हतं, भूक लागल्यावानी पायजे व्हतं. मी म्हनले, "तिच्या बापानं धरला त्याला."

"मारला का?"

"मारला."

"कसा मारला?"

हे पाठीवर पाय ठिवलेल्यानं इचारलं.  मी एकच मरन जवळून बगितलेलं. मंग मी तेच सांगितलं. पोटात मारलं. पडला तर पडल्यावर मारलं. त्याच्या हातात घोड्याचा लगाम व्हता, तो सोडीना, म्हनून बोटांवर मारलं. भायेर रगत आलं न्हाई, सगळं आत. मरायला लई येळ लागला. आन् तो एकच इचारत राह्यला, घोडं पानी पेलं का, घोडं पानी पेलं का.

मालकाच्या हातातला दांडा खाली पडला. ते तिथंच मातीत बसले, काचांवर.  एकानं इचारलं, "दादा, काय झालं?" तर त्यांनी हात हलवला, जा म्हनून. भाऊ त्यांचा मेलता, सगळ्यात मोठा हक्क त्यांचा, तेच बसले. पाठीवरला पाय खाली आला. चाचीचे केस सुटले.

मला वाटलं झालं. पन वाचनारा माझं पान घडी करत व्हता, आन् घडी करता करता म्हनला, "आन् ती पोरगी?"

"कोनती?"

"जिनं दिवा इझवला ती. तिचं काय केलं?"

मी दारांकडं बगितलं. आता दारं निम्मी लागलेली, पन मागं बाया व्हत्या, मला ठावं व्हतं. त्यांची पोरगी ती. त्यांनीच मोटी केली, त्यांनीच तिला पिवळं लुगडं घ्यायला लावलं, तिचं काकन कवाच फुटू दिलं न्हाई. चाची गुडघ्यावरनं माझ्याकडं बगत व्हती, तिच्या तोंडातून बी रगत, आन् तिनं मान हलवली. व्हय म्हनली का न्हाई म्हनली, मला अजून कळलं न्हाई.

"हिरीत ढकलली," मी म्हनले. "बापानंच."

"बराबर केलं," कोनीतरी म्हनलं. एक जन हसला. मंग ते पांगले, हळूहळू, काठ्या खांद्यावर घेऊन, वावरातून आल्यावानी. जाताना एक जन चाचीला म्हनला, दिस मावळायच्या आत गाव सोड.

चाचीनं नवऱ्याला उचलला. त्याचा हात मोडलेला, मागं लोंबत व्हता. मी हात लावायला गेले तर म्हनली, "नक्को बेटी, लोगां देखते." हिंगोलीच्या वाटेनं गेले ते. जगले, असं ऐकलं. तेवढंच ऐकलं.

सासूबाईनं माझी राह्यलेली पानं चुलीत घातली आन् त्याच्यावर भाकरी केल्या.  चार दिसांनी मी पानी द्यायला वाकले तर मालकांनी माझा हात धरला आन् पिळला, आन् म्हनले, "माझ्या भावाचं मरन तू त्या रंगाऱ्याला दिलं." मंग मारलं. पन पयल्यावानी न्हाई मारलं, रडत मारलं. काकनं फुटली. आता गावात भरनारं कोनी न्हाई. सगळ्या सवाष्नी मनगटाला हळदीचा दोरा बांधून हिंडून राहिल्या, एकदोघी हिंगोलीला जाऊन आल्या, पन तिथं लोक किंमत सांगतेत, हात धरून बसत न्हाईत.

आन् बाया माझ्याशी बोलत न्हाईत. पान्याला गेले की हंडे उचलतेत आन् सरकतेत. परवा त्या शेजारच्या सुनेनं येकटीनं गाठलं मला. डोळे लाल तिचे. म्हनली, "वैनी, रंगाऱ्याला मारलं ते समजलं. पन ती पोरगी काहून हिरीत ढकलली? ती तर काहीच वाईट वागली नव्हती. तुमाला दुसरं काही सांगता आलं नस्तं का? माहेरी धाडली म्हनायचं, येडी झाली म्हनायचं. तिला जित्ती तर ठिवायची."

 माझ्या कडंवर लेकरू व्हतं, ते तिच्या मनगटावरला दोरा वढून राहिलतं.

तिला सांगता आलं न्हाई म्हनून तुमाला इचारते, तुमी बी बायाच आसाल, न्हाईतर पुरुष आसाल, कोनी आसा. खाली मातीत चाची हाय, तिच्या नवऱ्याचा हात मोडलेला हाय, तुमच्या कडंवर तुमचं लेकरू हाय, आन् हातात काठी घेतलेला मानूस इचारतो, ती पोरगी कुठं गेली. तुमी काय सांगितलं आसतं?